भाऊच्या नंबरावरची नावं

आमच्या गावात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. घरात बसून फोन लावायचा म्हटलं तर रेंजची काडी एकदा येते, एकदा जाते आणि समोरच्याचं बोलणं अर्धंच ऐकू येतं. म्हणून ज्याला बोलायचं असेल तो पाळीवर जातो आणि तिथल्या चिंचेखाली उभा राहून असा ओरडतो, की याला फोनची गरजच काय, असं वाटावं. त्याच चिंचेखाली सकाळपासून दुपारपर्यंत एक म्हातारा ढीवर मासे विकायला बसतो. आख्खं गाव त्याला भाऊ म्हणतं. या आठवणी त्याच्या आहेत. माझ्याही आहेत, पण मी त्यात फारशी चांगली दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी या गावची आशा सेविका. आरमोरीपासून बरंच आत, धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं तिथे आमचं गाव. जंगलातून तासभर चाललं की गोंडांचा टोला, छोटीशी वस्ती. दोन्ही माझ्याच वाट्याला. गरोदर बायांची नोंद करायची, त्यांना तपासणीला न्यायचं, लसीचा दिवस घरोघरी सांगायचा, हे माझं काम. कित्येक वर्षं मी ते वहीत केलं. माझं अक्षर चांगलं आहे, आणि त्याचा मला गर्वही आहे. मग हातात मोबाइल आला आणि मोबाइलमध्ये ॲप आलं. त्यात बाईचं नाव आणि नंबर भरला की ते ॲप आपणहून तिला फोन करणार: तपासणीला या, गोळ्या घ्या, फ्लूची लस घ्या. फोनवर शहरातल्या कोण्या बाईचा गोड आवाज भरून ठेवलेला. कल्पना चांगली होती. मी मात्र पहिल्या दिवसापासून त्या ॲपशी भांडत होते.

भांडणाचं कारण नंबर. नंबर भरल्याशिवाय ॲप पुढचं पान उघडत नाही. आता आमच्या बायांना कुठून आणायचा नंबर? घरात फोन असलाच तर तो नवऱ्याकडे, आणि नवरा मिरची तोडायला तेलंगणात. परत येतो तेव्हा सिम बदललेलं असतं. मी विचारायची, ‘‘नंबर सांग वो,’’ आणि बाई जराही विचार न करता घडाघडा दहा आकडे म्हणून दाखवायची. दुसरीला विचारलं, तेच दहा आकडे. तिसरीचेही तेच.

तो भाऊचा नंबर होता. त्याच्या माशांच्या डब्यावर पांढऱ्या रंगानं मोठ्ठा लिहिलेला. आज जाळ्यात काय आलं, हे विचारायला लागतो म्हणून पोराटोरांनाही तो पाठ. बायांना फोन नंबर म्हटलं की तोच एक आठवायचा.

‘‘भाऊचा टाका ना बाई,’’ त्या म्हणायच्या, ‘‘तो सांगन आमाले. रोजच तं येते दारात.’’

आणि मी टाकला. खरं सांगायचं तर आळस केला. ॲप बिचारं दर वेळी विचारायचं, हा नंबर आधी वापरला आहे, तरी पुढे जायचं का? मी दर वेळी ‘हो’ दाबायची. असं करत करत त्या एका नंबरावर चौदा गरोदर बाया चढल्या. भाऊला मी विचारलंसुद्धा नव्हतं.

धानाची रोवणी सुरू झाली आणि ॲपला फ्लूच्या लसीची आठवण झाली. एका सकाळी मी पाळीवरून जात होते, तर भाऊ फोन कानाला लावून लालेलाल झालेला.

‘‘मी ताई नोहो वो!’’ तो ओरडत होता. ‘‘किती डाव सांगू? मी ताई नोहो! मी बाप्या हावो!’’

फोनमधली बाई आपल्या गोड आवाजात बोलतच राहिली. ‘नमस्कार ताई. आपल्या पोटातल्या बाळासाठी आणि आपल्यासाठी फ्लूची लस...’ भाऊनं फोन ठेवला की पाच मिनिटांनी पुन्हा. चौदा नावं होती ना. मासे घ्यायला आलेले लोक पोट धरून हसत होते. एकानं विचारलं, ‘‘काय भाऊ, कितवा लागला?’’ दुसऱ्यानं सांगितलं, आता सायकल चालवू नका, आराम करा. भाऊच्या बायकोनं तर भरल्या पाळीवर विचारलं, की ही कोण बाई रोज रोज फोन करून राह्यली.

मी पळ काढणार होते. पण भाऊनं मला पाहिलं. मग सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, आता हा माणूस माझी आईमाई काढणार. भाऊनं शांतपणे ऐकून घेतलं, डब्यावरच्या माशा हाकलल्या आणि विचारलं, ‘‘मंग फोन येते तं तो कोनाचा येते? नाव काऊन नाई सांगत ते बाई?’’

‘‘नाव सांगत नाही भाऊ. कोणाचं गरोदरपण दुसऱ्याला कळू नये म्हणून तसं केलंय.’’

‘‘अन् मले कसं कळन, कोनाले सांगाचं ते?’’

मी म्हटलं, मी नंबर बदलते सगळ्यांचे. भाऊ म्हणाला, ‘‘कायचे बदलता? कोनाचे टाकान? राहू द्या. मी सगळ्याइलेच सांगतो.’’

आणि त्यानं सगळ्यांना सांगितलं. सायकलच्या मागे टोपली बांधून तो गावात आणि टोल्यावर फिरायचा, मासे देऊन धान घ्यायचा. आता त्याच्या ओरडण्यात नवीन भर पडली. ‘‘मासोळी घ्या वोऽ, मरळ घ्या, झिंगे घ्या, अन् बुधवारी लस घ्या वोऽ!’’ बाया दारात येऊन हसायच्या. मी घरोघरी जाऊन जे सांगत होते ते त्यांनी कधी अर्ध्या कानानं ऐकलं, कधी तेही नाही. भाऊचं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मला त्याचा थोडा राग आला होता, हेही लिहून टाकते.

तालुक्याच्या बैठकीत माझी शोभा झाली ती वेगळीच. आमच्या मॅडमनी सगळ्यांसमोर यादी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, ‘‘चौदा गरोदर मातांचा नंबर एकच. हे काय प्रकरण आहे?’’ सगळ्या आशा फिदीफिदी हसल्या. मी उभी राहून म्हटलं, ‘‘मॅडम, तो मासेवाला आहे,’’ त्यावर तर हसणं थांबेचना. मग मीही हसले. मॅडम हसता हसता म्हणाल्या, लस तरी घेतायत ना त्या? मी म्हटलं, बुधवारी कळेल.

पण त्या बुधवाराची मला धास्ती होती, आणि ती चौदा बायांसाठी नव्हती.

त्यासाठी एक वर्ष मागे जावं लागेल. टोल्यावरच्या एका घरात तेव्हा थोरली सून सात महिन्यांची होती. हसरी पोरगी. मी गेले की मोहफुलं भाजून आणायची आणि मी खाते की नाही हे बघत बसायची. तिच्या नवऱ्याकडे फोन होता, टोल्यावरचा एकुलता एक, म्हणून तिच्या नावापुढे त्याचाच नंबर भरला होता. फ्लूच्या लसीच्या दिवशी ती माहेरी गेली होती. मी म्हटलं, हरकत नाही, पुढच्या वेळी घेईल. पोळ्याच्या आधी टोल्यावर तापाची साथ आली. तिचा ताप छातीत उतरला. बैलगाडीतून पाळीपर्यंत, तिथून गाडीनं दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांनी खूप केलं. ती परत आली नाही आणि तिच्या पोटातलंही आलं नाही.

आता माझी चूक. बाई गेली की ॲपमध्ये तशी नोंद करायची असते. एक बटण आहे, त्यावर ‘मृत्यू’ असं लिहिलं आहे. ते दाबलं की तारीख विचारतात, कारण विचारतात, मग नाव बंद होतं. मी ते पान रोज उघडायची. बोट तिथवर न्यायची आणि फोन ठेवून द्यायची. आज नको, उद्या करू. असे बरेच उद्या गेले. ॲपला काय ठाऊक? त्याच्या हिशेबी ती जिवंत होती आणि तिची लस बाकी होती. तिच्या तेराव्यानंतर तिचा नवरा बाजारासाठी आरमोरीला गेला, रेंजमध्ये आला, आणि त्याचा फोन वाजला. ‘नमस्कार ताई. आपल्या पोटातल्या बाळासाठी...’

त्यानं फोन तिथेच दगडावर आपटला. ही गोष्ट मला दुसऱ्यांकडून कळली. घरी येऊन मी ते बटण दाबलं, आणि मग चुलीसमोर बसून रडले. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या घरानं सांगितलं, आमच्याकडचं एकही नाव आता फोनात जाणार नाही. मी महिन्यातून एकदा टोल्यावर जायची ती त्या अंगणाला वळसा घालून. लाज वाटायची. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

तर आता पुन्हा त्या रोवणीच्या दिवसांकडे येते. लसीच्या बुधवारच्या आधी दोन दिवस भाऊ माझ्या दारात आला. सायकल उभी केली, टोपली उतरवलीच नाही. मी पाणी दिलं. पेला हातात धरून तो म्हणाला,

‘‘बाई, एक गोठ विचारू? फोनात नाव नसन तं लस भेटते का?’’

‘‘नाव घालावं लागतं भाऊ. पाच मिनिटांचं काम. काऊन?’’

‘‘एका पोरीनं विचारलं मले. मी टोल्यावर ओरडत होतो, बुधवारी लस घ्या म्हनून. तं ताटीमागून आवाज आला. भाऊ, त्या फोनात माहं नाव हाय का?’’

‘‘कोण पोरगी?’’

भाऊनं टोल्याच्या दिशेनं मान वळवली. पण टोल्यावरच्या सगळ्या गरोदर बाया माझ्या यादीत होत्या, आणि ज्या घरात मी जात नव्हते ते घर एकच होतं. त्या घरात धाकटी सून होती.

‘‘कितवा आहे तिला?’’ मी विचारलं.

‘‘सहावा असन.’’

‘‘अन् तुम्हाला कधीपासून माहीत?’’

‘‘होळीच्या बादपासून,’’ भाऊ म्हणाला. ‘‘मी टोपली घेऊन गेलो अन् तिनं दार लावून घेतलं. मासोळीचा वास नोको झाला तिले. मले समजतेच ना ते. तुमच्याआधी समजते. तीस-चाळीस वर्सं झाली, मी पाहून राह्यलो.’’

मी चिडले. म्हटलं, ‘‘मग मला सांगायचं नाही? चार महिने झाले!’’

‘‘मी मासोळ्या विकतो बाई,’’ भाऊ म्हणाला, ‘‘लोकाइच्या घरच्या गोठी नाई विकत. आज तिनंच विचारलं म्हनून आलो.’’

भाऊनं पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘जाता का? मी येतो संगं.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तो सायकल हातानं ढकलत पुढे, मी मागे. चढावर त्याला धाप लागायची आणि तो सायकलवर ओणवा होऊन उभा राहायचा. त्याला साखरेचा आजार, वर जुना दमा. त्या दिवशी मला त्याचं काही सुचलं नाही. मी स्वतःच्याच भीतीत होते.

अंगणात सासरा दोरी वळत बसला होता. भाऊनं जोहार केला, मीही केला. सासऱ्यानं बाजेकडे हात केला, बसा म्हणून. सासू दारात उभी. आतमध्ये बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

मी कसंबसं सुरू केलं. पावसाळा आहे, ताप फिरतोय, लस आली आहे. सासऱ्यानं दोरी खाली ठेवली.

‘‘थोरली जिती होती तवा तिचा फोन नाई आला,’’ तो म्हणाला. ‘‘मेली तवा आला. माहा पोरगा दोन महिने बोलला नाई कोनाशी. आता हिचं नाव बी त्यातच घालाचं?’’

मी इतकी वर्षं घरोघरी जे बोलत फिरते, त्यातलं तिथे काहीच कामाचं नव्हतं. शेवटी जे खरं होतं तेच सांगितलं. ‘‘तो फोन माझ्यामुळे आला. ती गेली असं त्यात लिहायचं होतं. माझ्यानं लिहवलं नाही. रोज फोन उघडायची अन् बंद करायची. माझी चूक आहे. त्या फोनची नाही, दुसऱ्या कोणाचीही नाही. अन् तिची लस राहिली तीही माझीच चूक. पुढच्या वेळी घेईल, असं मीच म्हटलं होतं.’’

सासूनं पदर तोंडाला लावला. सासरा माझ्याकडे पाहत राहिला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं असेल.

तेव्हा भाऊ बोलला. ‘‘दादा, नाव पोरीचं घाला. नंबर माहा घाला. फोन आला तं माह्या घरी येईन. भला येवो, बुरा येवो, माह्याच कानात येईन. तुमच्या अंगनात नाई वाजनार तो. चौदा हायेत माह्याकडे, ही पंधरावी.’’

सासऱ्यानं भाऊकडे पाहिलं. मग न वळता आतल्या बाजूला विचारलं, ‘‘काय म्हनते पोरी?’’

आतून आवाज आला. बारीक होता, पण अडखळला नाही. ‘‘मी घेतो लस. मले जगाचं हाय.’’

एवढंच ती म्हणाली. सासऱ्यानं दोरी पुन्हा उचलली आणि भाऊला सांगितलं, बुधवारी तूच ने अन् तूच आन. मी तिथेच बाजेवर बसून तिचं नाव भरलं. दोनदा चुकलं. ॲपनं विचारलं, हा नंबर आधी वापरला आहे, तरी पुढे जायचं का? इतक्या वेळा मी कंटाळून ‘हो’ दाबलं होतं. त्या दिवशी दाबताना मला भाऊचे पाय धरावेसे वाटले.

बुधवारी ती आली ती थेट रोवणीच्या बांधीतून, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. भाऊ सायकल घेऊन मागे. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरनं तिला तपासलं, रक्तदाब पाहिला, लस कशासाठी ते नीट सांगितलं आणि दंडावर दिली. चौदाच्या चौदा बाया आल्या होत्या. पंधरावी ही. सगळ्या ओसरीवर बसून भाऊची थट्टा करत होत्या, की आज तुमच्या सगळ्या फोनवाल्या एका जागी जमल्या, आता तरी ओळखून घ्या. सिस्टरनं मला विचारलं, यांच्यातली राहिली का कोणी? मी यादी पाहिली आणि म्हटलं, नाही, कोणीच नाही. भाऊ तिथेच भिंतीला टेकून खोकत होता.

पोळ्याच्या आधी ताप आलाच. निम्मा टोला अंथरुणात. धाकट्या सुनेलाही दोन दिवस अंग गरम होतं, खोकला होता. ते दोन दिवस मी टोल्यावरच मुक्काम ठोकला. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि भाकर मागितली. ते लसीमुळे की तिच्या नशिबानं, ते मी कसं सांगणार? सिस्टर म्हणते लसीनं आजार हलका जातो. मी दोघांचेही आभार मानते, लसीचे आणि नशिबाचे. भांडायला मला इतर बऱ्याच गोष्टी आहेत.

दिवाळीनंतर तिला मुलगी झाली. भाऊनं तलावातली धडधाकट मरळ निवडून ओल्या फडक्यात गुंडाळून टोल्यावर नेली. बाळंतिणीला आमच्याकडे मरळीचा रस्सा देतात, अंगात ताकद येते म्हणून. बारशाला गेले तर सासऱ्यानं मला हाक मारून जवळ बोलावलं आणि नवा कोरा फोन दाखवला. ‘‘इथी लिहा आता आमचा नंबर,’’ तो म्हणाला. ‘‘पोट्टीच्या लसी हायेत ना पुढे.’’ मी त्याच्यासमोर भाऊचा नंबर काढला आणि त्यांचा घातला. त्यानं मला जेवूनच जा म्हटलं आणि मी जेवले.

हळूहळू बाकीच्यांनीही आपापले नंबर दिले. कोणाचा नवरा परत आला, कोणी स्वतःसाठी फोन घेतला. पाळीवर भाऊचा फोन आता मासे मागणाऱ्यांसाठीच वाजायचा. एकदा तो मला म्हणाला, ‘‘ते ताई म्हननारी बाई कुठी गेली वो? लयच दिवस झाले.’’ मी हसले. पण घरी आल्यावर डोक्यात काहीतरी अडकून राहिलं. वर्षभर त्या नंबरावर एवढी नावं होती आणि ज्याचा नंबर होता त्याचं नाव त्यात कधीच नव्हतं. साठीच्या वरचा, साखर असलेला, दमेकरी माणूस. अशा माणसांसाठीही लस येते, त्यांची वेगळी यादी असते. मी ती यादी केली होती, माझ्याच हातानं. त्यात मला तो दिसला नाही, कारण मी त्याच्याकडे नेहमी दुसऱ्यांचा निरोप्या म्हणूनच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याचं नाव भरलं. आणि त्याला सांगायचं राहून गेलं. अशी मी.

पुढची रोवणी आली. एका सकाळी भाऊचा फोन वाजला, मागे मेसेजही आला. फ्लूची लस बाकी आहे. झालं, भाऊनं टोपली बांधली आणि निघाला सांगत. गावातल्या एकेका दारात थांबला. ‘‘तुमचा हाय का वो फोन? लस बाकी हाय म्हनते.’’ बाया म्हणाल्या, आमचा नाही भाऊ, आम्ही नंबर बदलला. आख्खं गाव झालं. मग हा गडी तसाच चढ चढून टोल्यावर गेला. धापा टाकत, प्रत्येक अंगणात विचारत. शेवटी त्या घराच्या ताटीशी उभा राहिला. हे सगळं मला नंतर त्या घरच्या धाकट्या सुनेनंच सांगितलं. ती लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली. शाळा शिकलेली आहे ती, आठवीपर्यंत. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि मेसेज वाचला.

‘‘भाऊ, इथी ज्येष्ठ नागरिक लिहिलं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मी ज्येष्ठ हावो का?’’

भाऊला काही उमगेना. तो म्हणाला, मंग कोन हाय ज्येष्ठ, त्याले सांगाव लागन ना. तिनं सासूला आतून आवाज दिला, पायात चपला घातल्या, आणि त्याच्या सायकलचं हँडल फिरवून गावाकडे केलं.

मी उपकेंद्राच्या ओसरीवर होते. पाळीवरून ती दोघं येताना दिसली. कडेवर पोरगी घेऊन ती पुढे, सायकल ढकलत भाऊ मागे. चढ नव्हता तरी ती दर थोड्या वेळानं थांबत होती, त्याला दम खाता यावा म्हणून. जवळ आली तसं तिनं त्याला हाताला धरून ओसरीवर चढवलं आणि मला विचारलं,

‘‘बाई, तुमच्या फोनात याइचं नाव हाय का?’’

मी म्हटलं, ‘‘हाय.’’

तिनं कडेवरची पोरगी भाऊच्या मांडीवर ठेवली आणि त्याच्या सदऱ्याची बाही वर सरकवली. सिस्टरनं सुई काढली तेव्हा आमच्या भाऊनं घाबरून तोंड फिरवलं आणि त्या पोरीचा एवढासा पाय घट्ट धरून ठेवला.